फर्माची सहावी संख्या

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एका दात्याचे उदाहरण आहे. याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट कवड्या द्यायचे त्याने कबूल केले. तर महिन्याभरात त्याला किती निष्क द्यावे लागतील? उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. या सगळ्याच्या कवड्या केल्या तर २,१४,७४,८३,६४६ होतात. दोन कवड्यांपासून सुरुवात करून तिसाव्या दिवशी माणूस कुठल्या कुठे जाऊन पोहोचतो, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

भास्कराचार्यांनी महिना तीस दिवसांचा धरला आहे. तो एकतीस दिवसांचा धरला, तर बेरीज ४,२९,४९,६७,२९४ होते. तिच्यात आणखी तीन कवड्या टाका. आता जी संख्या झाली, ४,२९,४९,६७,२९७, तिची ही हकीकत आहे. दोनाचा ३२ वा घात करून त्यात एक मिळवला की हीच संख्या येते. गणिताच्या इतिहासात हिला स्वतःचे असे स्थान आहे, आणि ते एका फार मोठ्या माणसाच्या चुकीमुळे मिळालेले आहे.

हा माणूस म्हणजे पिअर द फर्मा. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेत तो सल्लागार होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. संख्यांवर त्याने पुस्तक लिहिले नाही. जे सापडले ते मित्रांना पत्रांतून कळवायचे, आणि बहुतेक वेळा सिद्धता न देताच कळवायचे, ही त्याची रीत. (याच फर्माने १६५७ साली फ्रेंच गणितज्ञांपुढे एक कोडे टाकले होते : एका वर्गाच्या ६१ पटीत एक मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच मिळेल, असा वर्ग शोधा. नेमके हेच ६१ चे उदाहरण भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त पाचशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवले होते. फर्माला त्याची वार्ताही नव्हती.)

ऑगस्ट १६४० च्या सुमारास फर्माने फ्रेनिक्ल या आपल्या मित्राला एक पत्र लिहिले. दोनाच्या कोणत्या घातात एक मिळवला असता मूळ संख्या मिळते, हा त्यातील विषय. घातांकाला एकाखेरीज दुसरा विषम विभाजक असेल तर मूळ संख्या मिळणार नाही, हे उघड आहे. उदाहरणार्थ, दोनाचा सहावा घात अधिक एक म्हणजे ६५, आणि त्याला दोनाचा दुसरा घात अधिक एक, म्हणजे ५, या संख्येने भाग जातो. म्हणून जे घातांक स्वतःच दोनाचे घात आहेत, तेवढेच उरतात : १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे. त्यांपासून मिळणाऱ्या संख्या फर्माने ओळीने मांडल्या : ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७, आणि पुढची वीस अंकी १८४४६७४४०७३७०९५५१६१७. या सर्व संख्या, आणि याच रीतीने पुढे मिळतील त्याही, मूळ आहेत असे त्याचे म्हणणे होते.

पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. ६५५३७ चीही खात्री त्याला करून घेता आली असणार, कारण २५६ पर्यंतचेच विभाजक तपासावे लागतात. सहावीपासून मात्र काम वाढते. ४२९४९६७२९७ ही मूळ आहे असे ठरवायचे तर ६५५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. त्या आहेत ६५४२. तेव्हा पाच उदाहरणांवरून सहाव्याबद्दल अटकळ बांधली गेली.

याबद्दल फर्माला दोष देण्यापूर्वी त्याने काय लिहिले ते पाहू. आपल्याकडे पूर्ण सिद्धता नाही, हे त्याने त्या पहिल्याच पत्रात कबूल केले होते. मात्र पुष्कळसे विभाजक आपण पक्क्या युक्तिवादाने वगळले आहेत, तेव्हा हे मत मागे घेणे आपल्याला जड जाईल, असेही त्याने लिहिले. १६५४ मध्ये पास्कालला लिहिलेल्या पत्रातही विधान खरे असल्याची खात्री आणि सिद्धता न सापडल्याची कबुली, दोन्ही आहेत. पण १६५९ मध्ये, आयुष्याच्या उतरणीवर, ह्युगेन्सपर्यंत पोहोचावे म्हणून कार्काव्हीकडे त्याने आपल्या संख्याशास्त्रातील शोधांचा जो गोषवारा पाठवला, त्यात हेच विधान सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पंगतीत बसलेले दिसते. एकोणीस वर्षांत नवा पुरावा काहीच मिळाला नव्हता. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता सांगता 'मला वाटते' गळून पडले असावे. १६६५ साली फर्मा वारला.

पुढची सत्तर वर्षे कोणी या संख्येकडे फारसे वळून पाहिले नाही. १ डिसेंबर १७२९ रोजी मॉस्कोहून ख्रिश्चन गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गला ऑयलरला पत्र लिहिले आणि ताजा कलम म्हणून विचारले : या रीतीच्या सर्व संख्या मूळ असतात, हे फर्माचे निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे काय? फर्माला ते सिद्ध करता आले नव्हते आणि माझ्या माहितीप्रमाणे इतर कोणालाही आलेले नाही. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. प्रथम त्याने हे फारसे मनावर घेतले नाही, पण गोल्डबाखने पिच्छा सोडला नाही. त्या ताज्या कलमामुळे ऑयलर फर्माच्या लिखाणाकडे वळला आणि आयुष्यभर संख्याशास्त्रात गुंतून राहिला. गणिताच्या इतिहासातील हा सर्वांत फलदायी ताजा कलम असावा.

सप्टेंबर १७३२ मध्ये ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे एक छोटा निबंध ठेवला. त्यात निकाल होता : ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७००४१७.

६४१! मूळ संख्यांची यादी २, ३, ५, ७ पासून लिहीत गेलो, तर ६४१ ही ११६ वी येते. म्हणजे कोणतीही युक्ती न वापरता, नुसते क्रमाने भागत बसणाऱ्या चिकाटीच्या कारकुनालाही एकशे सोळाव्या भागाकारात उत्तर मिळाले असते.

ऑयलरने १७३२ च्या निबंधात हा ६४१ कोठून आला ते सांगितले नाही. १७५० साली छापून आलेल्या दुसऱ्या लेखात त्याने रीत उलगडून दाखवली, आणि खरी गंमत तिच्यात आहे. मुळात ती फर्माच्याच एका सिद्धांतावर उभी आहे. १८ ऑक्टोबर १६४० रोजी, म्हणजे या चुकीच्या विधानानंतर दोन-तीन महिन्यांच्या आतच, फर्माने त्याच फ्रेनिक्लला कळवले होते की एखादी मूळ संख्या घेऊन तिच्यातून एक वजा केला आणि तेवढा घात दुसऱ्या एखाद्या (तिने भाग न जाणाऱ्या) संख्येचा केला, तर त्याला त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ उरते. ७ घ्या : दोनाचा सहावा घात ६४, सातने भागल्यावर बाकी १. आज याला फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतात.

आता त्याचा उपयोग पाहू. १७ घेऊन दोनाच्या घातांना १७ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या लिहा : १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि पुन्हा १. आठ बाक्यांचे हे रहाटगाडगे फिरत राहते. चौथ्या घाताला बाकी १६, म्हणजे एक कमी १७ आली. तिथून तितकेच पुढे गेल्यावर, आठव्या घाताला, ती १ झाली. छोट्या सिद्धांताप्रमाणे सोळाव्या घाताला बाकी १ असायलाच हवी, म्हणून चक्राची लांबी ८ ही १६ चा विभाजक आहे.

हेच सहाव्या संख्येला लावा. एखादी मूळ संख्या तिला भागते असे समजा. मग त्या मूळ संख्येने दोनाच्या ३२ व्या घाताला भागले असता बाकी एकाने कमी पडते, आणि ६४ व्या घाताला बाकी १ येते. तेव्हा चक्राची लांबी ६४ चा विभाजक आहे. पण ६४ चे बाकीचे सर्व विभाजक (१, २, ४, ८, १६, ३२) ३२ चेही विभाजक आहेत. त्यांपैकी एखादी लांबी असती तर ३२ व्या घातालाच बाकी १ आली असती. ती आली नाही. म्हणून लांबी ६४ च. आणि छोट्या सिद्धांताप्रमाणे ही लांबी 'मूळ संख्या उणे एक' हिला भागते. तात्पर्य, आपल्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असला पाहिजे.

अशा संख्या ओळीने लिहू : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतील मूळ संख्या तेवढ्या ठेवा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकार! ६५४२ चे काम पाचवर आले, आणि पाचव्यालाच मासा गळाला लागला. हत्यार फर्माच्या कोठारात होते, त्याला वेळही भरपूर मिळाला होता.

मग त्याच्या हातून हे निसटले कसे? पुष्कळसे विभाजक आपण वगळले आहेत, असे त्याने लिहिले होते, हे ध्यानात घेतले तर संशय असा येतो की ६४१ ची पाळी आली तेव्हा त्याचा भागाकार चुकला आणि मग त्याने तो पुन्हा तपासला नाही. विसाव्या शतकातील गणिती आंद्रे व्हेल यांनीही असाच तर्क केला आहे. मला तो पटतो. एकदा 'हे झाले' अशी खूण केलेल्या जागी माणूस परत जात नाही, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

आणखी एक गोष्ट फर्माच्या बाजूने सांगितली पाहिजे. ही संख्या मूळ असल्याचे सोंग फार चांगले वठवते. छोट्या सिद्धांताची कसोटी उलट बाजूने लावून पाहिली, म्हणजे दोनाचा ४२९४९६७२९६ वा घात करून त्याला आपल्या संख्येने भागले, तर बाकी बरोबर १ येते, जणू ती मूळच आहे. दोनाऐवजी तीन घेऊन पाहिले की मगच सोंग उघडे पडते. १८७७ साली पेपँने नेमकी अशी, तीनच्या घातांवर आधारलेली, कसोटी या कुळातील संख्यांसाठी दिली.

ज्यांना मोठा भागाकार मांडायचा नाही, त्यांच्यासाठी ६४१ ची एक देखणी सिद्धता आहे. फळ्यावर चार ओळींत मावते. ६४० म्हणजे ५ गुणिले दोनाचा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात. आता ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, आणि १६ गुणिले दोनाचा २८ वा घात म्हणजे दोनाचा ३२ वा घात. तेव्हा ६४० चा चौथा घात ही '६४१ ची एक पट, उणे दोनाचा ३२ वा घात' अशी संख्या झाली. दोन्ही बाजूंतून एक वजा करा : ६४० चा चौथा घात उणे १ म्हणजे ६४१ ची एक पट, उणे आपली संख्या. डाव्या बाजूचे अवयव पाडले तर त्यात ६३९ आणि ६४१ येतात, म्हणून तिला ६४१ ने भाग जातो. मग आपल्या संख्येलाही जाणारच. नववी-दहावीच्या मुलांना हे समजते, आणि एकदा समजले की विसरत नाही.

फर्माच्या संख्यांचे नशीब मात्र या चुकीने संपले नाही. १७३० मध्येच गोल्डबाखने ऑयलरला त्यांचा एक सुंदर गुण कळवला होता. ३ × ५ = १५, म्हणजे १७ उणे २. त्यांना १७ ने गुणा : २५५, म्हणजे २५७ उणे २. पुढे ६५५३५, म्हणजे ६५५३७ उणे २. त्याला ६५५३७ ने गुणले की ४२९४९६७२९५, आपल्या संख्येहून दोनाने कमी. प्रत्येक वेळी आधीच्या सर्वांचा गुणाकार पुढचीपेक्षा दोनाने लहान. तेव्हा यांतील कोणत्याही दोन संख्यांचा सामाईक विभाजक असेल तर तो २ ला भागेल. पण सगळ्या संख्या विषम आहेत, म्हणून एकापलीकडे सामाईक विभाजक नाहीच. प्रत्येक संख्या आपापला वेगळा मूळ विभाजक घेऊन येते, आणि संख्या तर अनंत आहेत. मूळ संख्या अनंत आहेत, याची ही वेगळीच सिद्धता झाली.

हाच गुण पुढे चालवला तर बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाची गोष्टही इथे येऊन मिळते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे चौसष्ट घरांतील दाणे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. अल्-बेरुनीने हा आकडा इ. स. १००० च्या सुमारास दिलेला आहे. फर्माच्या सातव्या संख्येहून तो दोनानेच कमी आहे. म्हणून त्याचे अवयव आपल्याला फुकट मिळतात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. निम्म्या पटावर मावणारे दाणे ४२९४९६७२९५.

या ४२९४९६७२९५ चेही एक वैशिष्ट्य आहे. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने दाखवले की १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपास यांनी काढता येतो. १८०१ च्या ग्रंथात त्याने सर्वसाधारण नियम दिला, आणि १८३७ मध्ये व्हांत्सेलने त्याची दुसरी बाजू सिद्ध केली : बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. तशा संख्या पाचच ठाऊक आहेत. म्हणून विषम बाजूंचा, तत्त्वतः काढता येण्याजोगा, आपल्याला माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. त्यात दोनच बाजू वाढवल्या की ऑयलरचा ६४१ आड येतो आणि बहुभुज पट्टी-कंपासाच्या हातून जातो.

आपल्या संख्येला एकदा लंडनच्या दिवाणखान्यातही हजेरी लावावी लागली. अमेरिकेतील व्हरमाँटचा झेरा कोलबर्न हा आठ वर्षांचा मुलगा १८१२ मध्ये वडिलांबरोबर लंडनला आला. तोंडी आकडेमोडीचे प्रयोग करून दाखवण्यासाठी वडील त्याला हिंडवीत असत. त्याला ४२९४९६७२९७ चे अवयव विचारले, तेव्हा त्याने ६४१ आणि ६७००४१७ सांगितल्याची नोंद आहे. ते कसे काढले, हे त्याला तेव्हा सांगता येत नसे. उत्तर त्याला आधीच पढवले होते काय, ही शंका आज आपल्याला येणारच. पण प्रौढपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने आपल्या रीतीचे जे वर्णन केले आहे, त्यावरून ती खोडून काढणे अशक्य नाही.

पुढच्या संख्यांनी मात्र पुष्कळ रक्त आटवले. वीस अंकी सातवी संख्या १८८० मध्ये लांड्रीने फोडली : २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तेव्हा त्याचे वय ८२ होते. क्लाउसेनने हेच अवयव १८५५ मध्ये गाउसला पत्राने कळवले होते, हे फार उशिरा उजेडात आले. आठवी मूळ नाही हे १९०५ मध्ये पेपँच्या कसोटीने ठरले; पण तिचे अवयव १९७० पर्यंत, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर काढेपर्यंत, कोणालाही माहीत नव्हते. मूळ नाही हे पक्के ठाऊक, आणि विभाजक एकही हाती नाही! दोनाचा पहिला घात घेणारी ३ ही पहिली धरून पंचविसाव्या संख्येची स्थिती तर अजून तशीच आहे. ती मूळ नसल्याचे १९९९ मध्ये ठरले. फर्माला सर्वच मूळ वाटल्या होत्या. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतची एकही मूळ निघालेली नाही, आणि चौतिसावीबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही.

६५५३७ ला मात्र नोकरी मिळाली आहे : बँकांचे आणि पत्रांचे व्यवहार संगणकांमध्ये गुप्त राखण्याच्या एका रूढ पद्धतीत घातांक म्हणून सर्रास हीच मूळ संख्या वापरतात.

आता वर्गासाठी एक काम. ६४१ ने भाग गेला, पण उरलेली ६७००४१७ मूळ आहे कशावरून? १८७८ मध्ये ल्यूकासने ऑयलरची अट आणखी घट्ट केली : आपल्या संख्येचा मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८८ आणि २५८९ यांच्या मध्ये आहे. तिथपर्यंत या प्रकारच्या मूळ संख्या पाचच आहेत : २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ ही स्वतःच फर्माची संख्या असल्यामुळे गोल्डबाखने ती बाद केलेली आहे. राहिले चार भागाकार. वर्गाचे चार गट पाडून ते वाटून द्यावेत. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या पाहिजेत. एखाद्या गटाची बाकी वेगळी आली, तर तो भागाकार दुसऱ्या गटाकडून पुन्हा करवून घ्यावा.